मेंदूपर्यंत विष पोचते कुठून? तणनाशक, वेल्डिंगचा धूर, विहिरीचे पाणी आणि कंपवात

भाटकार_पेडणे (धागाकर्ता)

काजूच्या भाटात बेणणीला आता माणसे मिळत नाहीत, त्यामुळे बोंडू पडायला लागायच्या आधी सर्रास तणनाशक मारले जाते. त्यावरून व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप फिरतोय की याने पार्किन्सन, म्हणजे कंपवात, होतो. त्याच निरोपात खाणीची धूळ, फॉगिंगचा धूर, अ‍ॅल्युमिनियमची टोपे, विहिरीचे पाणी, सगळे एका माळेत ओवले आहे. इथे जाणकार मंडळी आहेत म्हणून नेमके विचारतो. मेंदूत रक्तातून काहीही सहज जात नाही म्हणतात, मग ही रसायने जातात कशी? आणि गोव्यात ज्यांच्याशी रोजचा संबंध येतो त्यातले खरोखर कशाला जपायचे? कृपया अनुभवकथन नको, माहिती हवी.

मज्जापेशी

कसे जातात ते आधी सांगतो, कारण बाकीचे उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात. शरीरात इतरत्र पेशींमधल्या फटींतून पदार्थ झिरपतात, तसे इथे होत नाही. चरबीत विरघळणारा लहान रेणू पेशीच्या अंगातूनच पार होतो. ग्लुकोज, अमिनो आम्ले यांच्यासाठी खास वाहक प्रथिने असतात. आणि काही प्रथिने उलटे काम करतात, आत शिरू पाहणारा रेणू परत रक्तात टाकतात. त्यात पी-ग्लायकोप्रोटीन मुख्य.

पार्किन्सनचा आणि विषाचा संबंध ठसठशीतपणे दिसला तो 1982 साली कॅलिफोर्नियात. हेरॉइनच्या जागी विकल्या गेलेल्या एका कृत्रिम पदार्थात एमपीटीपी हे उपउत्पादन राहून गेले होते. तो टोचून घेतलेली तरुण माणसे थोड्याच दिवसांत ताठरली, बोलता-हलता येईना. डॉ. विल्यम लँग्स्टन यांच्या चमूने कारण शोधले आणि 1983 मध्ये प्रसिद्ध केले. यंत्रणा अशी: एमपीटीपी चरबीत विरघळते, म्हणून सरळ आत जाते. तिथे तारापेशींमधले (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशी) एमएओ-बी हे विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचे एमपीपी-प्लस करते. हा विद्युतभारित रेणू डोपामिन (हालचाली सुरळीत ठेवणारे मेंदूतले रसायन; ते बनवणाऱ्या पेशी पार्किन्सनमध्ये मरतात) परत उचलणाऱ्या वाहकाला डोपामिनसारखाच वाटतो, म्हणून तो नेमका डोपामिन पेशींतच भरला जातो. तिथे तो मायटोकाँड्रियातल्या, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरातल्या, ऊर्जासाखळीचा पहिला टप्पा, कॉम्प्लेक्स-1, अडवतो. पेशीची ऊर्जा संपते आणि ती मरते.

म्हणजे विषाला तीन गोष्टी जमायला लागतात: मेंदूत शिरणे, डोपामिन पेशीत शिरणे, आणि आत जाऊन काहीतरी मोडणे. प्रत्येक रसायनाला हे तीन प्रश्न विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवरची निम्मी यादी पहिल्याच प्रश्नाला गळते.

साशंक_फोंडा

माहिती उत्तम, पण एक खुंटी मारून ठेवतो. एमपीटीपीने झालेला प्रकार काही दिवसांत होतो, एकाच फटक्यात. नेहमीचा पार्किन्सन दशकानुदशके हळूहळू वाढतो आणि त्यात अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या गाठी, म्हणजे लुई बॉडी, दिसतात. एमपीटीपीच्या रुग्णांत त्या ठळकपणे दिसल्या नाहीत. तेव्हा 'विषाने डोपामिन पेशी मरू शकतात' एवढे सिद्ध झाले. 'पार्किन्सन विषाने होतो' हे त्यावरून सिद्ध होत नाही.

मज्जापेशी

मान्य. म्हणूनच पुढे रोटेनोनचे प्रयोग झाले. डेरिस जातीच्या वेलींच्या मुळांतून निघणारे हे कीटकनाशक, मासे मारायलाही जगभर वापरले गेलेले. तेही कॉम्प्लेक्स-1 अडवते आणि चरबीत विरघळत असल्यामुळे त्याला कुठल्याही वाहकाची गरज पडत नाही. 2000 साली ग्रीनामायर यांच्या गटाने उंदरांना ते दीर्घकाळ थोडे थोडे दिले. डोपामिन पेशी गेल्याच, शिवाय अल्फा-सिन्युक्लिनच्या गाठीही दिसल्या. गंमत अशी की रोटेनोन सगळ्याच पेशींत शिरते, पण खचतात आधी डोपामिनवाल्या. त्या पेशी स्वतःच्या लयीत अखंड चालू असतात, त्यांच्या फांद्या अफाट असतात आणि डोपामिन स्वतःच ऑक्सिडीकरणाने त्रासदायक रेणू तयार करते. त्यांच्याकडे मुळात शिल्लक कमी असते.

काजूबोंडू

तणनाशकाकडे येतो. भाटात दोन प्रकारची औषधे चालतात. ग्लायफोसेट झाडाच्या आत भिनते आणि तण पिवळे पडायला आठवडा-दहा दिवस लावते. पॅराक्वाट डायक्लोराइड 24 टक्के द्रावणाच्या रूपात येते, उन्हात काही तासांत पाने करपवते. पार्किन्सनच्या संदर्भात चर्चा मुख्यतः पॅराक्वाटची आहे. निरोप पाठवणाऱ्यांना दोन्ही एकच वाटतात. युरोपीय संघात 2007 पासून पॅराक्वाट बंद आहे, केरळने 2011 मध्ये बंद केले. देशात इतरत्र ते नोंदणीकृत आहे, पण लेबलवर दिलेल्या पिकांसाठीच. काजूसाठी मारण्याआधी डब्यावरची पिकांची यादी वाचा, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका.

रचनेने पॅराक्वाट एमपीपी-प्लसचे जवळचे भावंड आहे. त्यावर दोन धन भार असतात, म्हणून ते स्वतःहून मेंदूत शिरू शकत नाही. ते कसे शिरते ते मज्जापेशी सांगतील.

मज्जापेशी

अमिनो आम्लांच्या वाहकातून, एलएटी-1 नावाच्या. हाच वाहक लेव्होडोपा आत नेतो. म्हणूनच पार्किन्सनच्या रुग्णांना गोळी जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायला सांगतात. नुस्त्यांचे हुमण किंवा डाळ जेवल्यावर रक्तात अमिनो आम्ले वाढतात आणि त्या दारात गर्दी होते.

आत गेल्यावर पॅराक्वाट एक इलेक्ट्रॉन उचलते, ऑक्सिजनला देते, परत उचलते. हे चक्र चालू राहते आणि प्रत्येक फेरीत सुपरऑक्साइड हा पेशीला इजा करणारा रेणू तयार होतो. त्या एकभारित रूपातच ते डोपामिन वाहकातून पेशीत शिरू शकते. कॉम्प्लेक्स-1 अडवणे हे त्याचे मुख्य काम नाही, ते एमपीपी-प्लस आणि रोटेनोनचे.

साशंक_फोंडा

आता माणसांवरचा पुरावा. अमेरिकेत परवानाधारक फवारणी करणाऱ्यांच्या अभ्यासात (2011) पॅराक्वाट आणि रोटेनोन वापरणाऱ्यांत आजाराची शक्यता सुमारे अडीच पट आढळली. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात पॅराक्वाट आणि मॅनेब (बुरशीनाशक) दोन्ही मारलेल्या शेतांच्या 500 मीटरच्या आत राहणाऱ्यांत धोका 75 टक्क्यांनी जास्त (2009). पण आधीचा 'अडीच पट'चा अभ्यास ज्या मोठ्या पाहणीतून निघाला, तिच्याच 2020 च्या विश्लेषणात पॅराक्वाटचा एकंदर संबंध ठळक निघाला नाही. 'अडीच पट' वाचून हादरू नका. मुळातला धोका लहान असतो, त्याच्या अडीच पट. वापरणाऱ्यांतल्या बहुतेकांना हा आजार होत नाही.

काजूबोंडू

त्याच पाहणीतला एक निष्कर्ष मला बाकी सगळ्यापेक्षा उपयोगाचा वाटतो. 2015 मध्ये हातमोज्यांवरून फोड केली. जे निम्म्याहून कमी वेळा हातमोजे घालत त्यांच्यात पॅराक्वाटचा संबंध जवळजवळ चौपट दिसला. नियमित घालणाऱ्यांत तो दिसला नाही. आकडे लहान आहेत, पण दिशा स्पष्ट आहे.

मग काम करताना चूक कुठे होते ते सांगतो.

सर्वात धोक्याचा क्षण फवारणीचा नाही, डबा उघडून पंपात ओतण्याचा. तिथे द्रव पातळ केलेला नसतो. झाकणाने माप घेताना तो बोटांवर ओघळतो, आणि पुढचे तीन-चार तास तेच बोट पंपाच्या दांड्यावर. म्हणून ओतताना कोपरापर्यंतचे नायट्राइल मोजे आणि चष्मा हवाच. बांधकामावरचे सुती मोजे घालू नका, ते औषध शोषून कातडीला चिकटवून ठेवतात. हात खाली करून फवारायचे तर शर्टाची बाही मोज्याच्या बाहेर, हात वर करून फवारायचे तर आत. पँट गमबुटाच्या बाहेर, नाहीतर ओघळ सरळ बुटात.

पाठीवरचा पंप गळतो तो झाकणाच्या वायसरातून आणि नळीच्या सांध्यातून. आधी निव्वळ पाणी भरून दाब द्या आणि पाठीवर घेऊन दहा पावले चाला. शर्ट ओला झाला तर त्या दिवशी औषध नको. पॅराक्वाट धड कातडीतून फारसे जात नाही; ओरखडे, काटे टोचलेल्या जखमा आणि तासन्‌तास ओला राहिलेला कपडा यांतून जाते. पाठीवर गळणारा पंप म्हणजे नेमके तेच.

तोंडावर बांधलेला रुमाल काढून टाका. ओला झाला की तो नाकाशी औषध धरून ठेवतो. एन-95 थेंब अडवतो, पण ओला झाला की बदलायचा. नाकातून रक्त येणे, नखे पांढरी-पिवळी पडणे किंवा सुटणे ही संपर्क जास्त होत असल्याची खूण आहे. ते दिसले तर काम थांबवायचे, मोजे बदलून भागत नाही. वारा असेल तर आज फवारणी नाही. समुद्रावरचा वारा दुपारी वाढतो, म्हणून सकाळ बरी.

आणि रिकामे कॅन. तीनदा खळबळून ते पाणी पंपातच ओता, मग कॅन भोसकून टाका. निरो किंवा हुर्राक भरायला तो कधीही वापरायचा नाही. पॅराक्वाटचे काही घोट माणूस मारतात, त्यावर उतारा नाही. तो मृत्यू फुप्फुस-मूत्रपिंडांचा. पार्किन्सनशी त्याचा संबंध नाही, पण धोका त्याहून कितीतरी जवळचा आहे.

अबोली

रुमालाचे वाचून विचारते. नाकातून थेट मेंदूत जाते का? की रक्तातूनच?

मज्जापेशी

दोन्ही. नाकाच्या छतावर गंधाच्या पेशी आहेत. त्यांचे एक टोक हवेत उघडे आणि दुसरे कवटीच्या चाळणीतून थेट मेंदूच्या गंधकंदात. मध्ये रक्ताची भिंत नाही. 2021 मध्ये उंदरांना पॅराक्वाट अगदी थोड्या प्रमाणात हुंगवले तेव्हा ते गंधकंदात पोचले आणि नरांची वास ओळखण्याची क्षमता बिघडली, हुंगवणे बंद केल्यावरही ती तशीच राहिली. मँगनीजचे अतिसूक्ष्म कणही याच वाटेने जातात.

माणसांत हाइको ब्राक यांनी 2003 मध्ये मांडले की लुई बॉडी आधी गंधकंदात आणि पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या मुळाशी दिसतात, मधल्या मेंदूत नंतर. म्हणून कंप सुरू व्हायच्या कित्येक वर्षे आधी वास कमी होतो, बद्धकोष्ठता होते, झोपेत माणूस स्वप्नातले हातवारे करतो. डेन्मार्कच्या नोंदींत व्हेगस पूर्ण कापलेल्यांत नंतर पार्किन्सन कमी आढळला (2015). सगळ्या रुग्णांत ही वाट लागू होते असे मात्र नाही. काहींत सुरुवात मेंदूतूनच होते असे आता मानतात.

ठिणगी_वास्को

मँगनीजचा विषय निघाला म्हणून. सांगे, केपे, रिवण भागात मँगनीजच्या खाणी होत्या, त्यामुळे सगळ्यांचे लक्ष धुळीकडे जाते. खनिजाची धूळ जाड असते, बरीचशी नाकाच्या पुढच्या भागात आणि घशात अडकते. वेल्डिंगचा धूर त्याहून वेगळा. त्यातले कण एका मायक्रॉनहून लहान, फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे. तोंडाने पोटात गेलेले मँगनीज यकृत पित्तात टाकते. श्वासातून गेलेल्याला ते वळण लागत नाही, ते आधी रक्तात आणि मेंदूत जाते.

साधे लोखंड जोडताना मँगनीज थोडेच असते. धोका कुठे? क्रशरचे जबडे आणि एक्सकॅव्हेटरच्या बादलीचे काही दात हॅडफिल्ड स्टीलचे असतात, त्यात 11 ते 14 टक्के मँगनीज. त्यावर हार्डफेसिंगची (झीज रोखणारा कडक थर देणारी) रॉड चढवताना जो धूर निघतो तो वाईट. दुसरी जागा बार्जच्या तळातली टाकी. तिथे हवा हलत नाही, डोके झुकलेले आणि धुराचा लोट सरळ शिरस्त्राणाच्या आत.

उपाय पैशाने मोठे नाहीत. शोषनळीचे तोंड आर्कपासून एक फुटाच्या आत हवे. दोन फुटांवर नेले तर ओढ जवळजवळ संपते. नुसता पंखा टाकीत सोडला तर तो धूर फिरवतो, बाहेर काढत नाही. हवा आत ढकलणारा एक आणि बाहेर काढणारा एक, असे दोन हवेत. मान बाजूला ठेवून वेल्ड करायची सवय लावा, लोट तोंडासमोरून जायला नको. कापडी मास्कचा उपयोग शून्य, पी-100 फिल्टरचा रेस्पिरेटर हवा. अमेरिकेतल्या एसीजीआयएच या कामगार-आरोग्याच्या संस्थेची शिफारस फुप्फुसात जाणाऱ्या कणांसाठी घनमीटरमागे 0.02 मिलिग्रॅम आहे. बंद टाकीत शोषणयंत्राशिवाय ती पाळता येणे कठीण.

मज्जापेशी

पूरक: मँगनीजचा आजार पार्किन्सन नव्हे. 1837 मध्ये स्कॉटलंडात मँगनीज दळणाऱ्या कामगारांत कूपर यांनी त्याचे वर्णन केले. त्यात मुख्यतः ग्लोबस पॅलिडस हा मेंदूतला हालचालींशी संबंधित भाग बिघडतो. सुरुवात चिडचिड आणि स्वभावबदलाने. मग दोन्ही बाजूंना सारखा ताठरपणा, चवड्यांवर कोंबड्यासारखी चाल, मागे पडण्याची प्रवृत्ती, विश्रांतीतला कंप कमी. लेव्होडोपाचा फायदा फारसा नाही. एमआरआयच्या टी-1 चित्रात पॅलिडस उजळ दिसतो, पण काम सोडल्यावर काही महिन्यांत ती उजळी फिकी पडते. म्हणून वर्षाने काढलेला एमआरआय स्वच्छ आला म्हणजे मँगनीज नव्हतेच असे नाही. लोह कमी असेल तर मँगनीज जास्त शोषले जाते, यकृत खराब असेल तर बाहेर पडत नाही. पिणाऱ्या वेल्डरला दोन्हीकडून मार.

झुआरीकाठ

मँकोझेबमध्येही मँगनीज असते ना? भाजीवर, आंब्यावर ते दर हंगामात मारतो.

काजूबोंडू

असते, मँकोझेब हे मँगनीज आणि जस्ताचे संयुग आहे, त्यात सुमारे 20 टक्के मँगनीज. 75 टक्के भुकटी लिटरला 2 ते अडीच ग्रॅम. द्रावण झाल्यावर कमी त्रास, पण पाकीट फाडून बादलीत झटकताना उडणारी पिवळी भुकटी नाकात जाते. थोडे पाणी घेऊन आधी लगदा करा, पाकीट बादलीत खाली धरून उघडा आणि एन-95 लावा. कोळेरोगावरच्या बोर्डो मिश्रणात तांबे आणि चुना, तो विषय निराळा.

झुआरीकाठ

आणि विहीर?

काजूबोंडू

पॅराक्वाट मातीतल्या चिकण कणांना पक्के चिकटते, पाझरून विहिरीत जात नाही. कॅन विहिरीच्या काठावर धुतला तर अर्थातच जाईल. मँगनीज मात्र दगडातूनच पाण्यात येते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (बीआयएसचे आयएस 10500) लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य, दुसरा स्रोत नसेल तर 0.3 पर्यंत. पांढऱ्या कपड्यांवर काळसर डाग, टाकीच्या तळाशी काळा चिकट थर ही खूण. नमुना स्वच्छ बाटलीत भरून पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्या आणि मँगनीज वेगळे लिहून मागा, नेहमीच्या यादीत ते असतेच असे नाही. पाणी उकळून मँगनीज जात नाही.

अबोली

लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा कॅन्सरवर म्हणून सध्या सगळीकडे सुचवला जातो. त्याचेही नाव या यादीत ऐकले.

मज्जापेशी

बरोबर ऐकले. कॅरिबियनमधल्या ग्वादेलूप बेटावर 1999 मध्ये दिसले की तिथे लेव्होडोपाला न जुमानणारा पार्किन्सनसारखा आजार नेहमीपेक्षा फार जास्त आहे आणि त्या रुग्णांत हे फळ आणि त्याच्या पानांचा काढा नियमित घेण्याची सवय जास्त. त्यातले अ‍ॅनोनासिन चरबीत विरघळते आणि कॉम्प्लेक्स-1 अडवते. एका फळात सरासरी 15 मिलिग्रॅम, एका कप काढ्यात सुमारे 140 मायक्रोग्रॅम मोजले गेले. म्हणजे मोठा डोस फळाचा, काढ्याचा नव्हे. रोज एक फळ असे वर्षभर खाल्ले तर उंदरांच्या मेंदूत इजा करणाऱ्या एकूण डोसाइतके होते, असा हिशेब त्या संशोधकांनी मांडला. उंदरांना ते शिरेतून दिले होते हे लक्षात ठेवा. हंगामात कधी खाल्लेल्या फळाने काही होत नाही. रोजचा उपचार म्हणून घेऊ नका, आणि कंपवाताचा रुग्ण असेल तर मुळीच नको.

गोळीवाला_म्हापसा

सगळे शेतात आणि गोदीत शोधताय, औषधांच्या डब्यात कुणी पाहिले नाही. ताठरपणा आणि मंद चाल घेऊन आलेल्या वयस्क माणसाची चिठ्ठी आधी तपासा. चक्करेवरचे सिनारिझिन, मायग्रेनवरचे फ्लुनारिझिन, उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड, आणि सर्वात दडून बसणारे लेव्होसल्पिराइड. ते पँटोप्राझोलबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये येते, घरचे लोक 'गॅसची गोळी' म्हणतात आणि वर्षानुवर्षे चालू ठेवतात. हे सगळे मेंदूत शिरून डोपामिनचे ग्राहक (रिसेप्टर) बंद करतात. डोम्पेरिडोन बाहेर फेकले जाते, मघाशी सांगितलेल्या पी-ग्लायकोप्रोटीनमुळे, म्हणून पार्किन्सनच्या रुग्णाला उलटीसाठी तेच त्यातल्या त्यात चालते, हृदयाचा आलेख पाहून.

औषध बंद केल्यावर सुधारणा आठवड्यांत सुरू होते, पण सहा महिनेही लागतात. फ्लुनारिझिन शरीरातून निघायलाच फार वेळ घेते. स्वतःहून बंद करू नका, विशेषतः मानसिक आजाराच्या गोळ्या.

मज्जापेशी

+१. आणि शंका राहिली तर ट्रोडॅट स्कॅन, म्हणजे मेंदूतले डोपामिन वाहक दाखवणारा. औषधामुळे झालेल्यात तो सामान्य येतो, पार्किन्सनमध्ये वाहक कमी दिसतात. पण तो विषाचे नाव सांगत नाही.

भाटकार_पेडणे

रक्त तपासून कीटकनाशक किती साठले ते कळते का? 'डिटॉक्स'ची जाहिरात दिसते, हजारो रुपये सांगतात.

मज्जापेशी

पॅराक्वाट आणि रोटेनोन काही दिवसांत शरीरातून निघून जातात, वीस वर्षांपूर्वीच्या संपर्काचा मागमूस रक्तात राहत नाही. रक्तातले मँगनीज अलीकडचा संपर्क दाखवते, जुना नाही. धातू काढणारी सलाइन पार्किन्सनवर उपयोगी असल्याचा पुरावा नाही, आणि ती मूत्रपिंडाला महाग पडू शकते. ते पैसे हातमोजे आणि रेस्पिरेटरवर घाला.

तपासणीला जाताना कागदावर हे न्या: कुठले औषध, कुठल्या वर्षापासून कुठपर्यंत, ओतणे-मिसळणे स्वतः करत होता का, हातमोजे होते का, वेल्डिंग असेल तर रॉड कुठली आणि बंद जागेत किती, चालू गोळ्या सगळ्या, 'गॅसच्या' धरून, वास कधीपासून येत नाही, कंप एका बाजूला सुरू झाला की दोन्हींना. बांबोळीच्या सरकारी इस्पितळाच्या ओपीडीत वेळ थोडा मिळतो, कागद असला तर तो वेळ सत्कारणी लागतो.

साशंक_फोंडा

फॉगिंग आणि अ‍ॅल्युमिनियमच्या टोपांचे राहिले. टोपांचा पार्किन्सनशी संबंध दाखवणारा भक्कम पुरावा नाही, आमटी शिजवा. फॉगिंगमध्ये पायरेथ्रॉइड, म्हणजे डास मारणारी कीटकनाशके, असतात. ज्याच्या हातात यंत्र आहे त्याला मोजे आणि मास्क लागतो. रस्त्यावरून गाडी गेली तर खिडक्या थोडा वेळ लावल्या तरी पुरे.